चिखल बँडची पाच महिन्यांची कारकीर्द

९ मार्च

प्रिय आत्या,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, पण मी आता लिहीत नाही. कारण पुढे कळेलच. तू मनातल्या मनात समजून घे.

बातमी अशी की आम्ही बँड काढलाय. पंक बँड. काडी गिटार वाजवते, डबा ड्रम वाजवतो आणि मी गाते. काडी तुला माहीत आहे, दुसरीपासून माझ्या शेजारी बसते, वर्गात सगळ्यात उंच आणि सगळ्यात बारीक. डबा म्हणजे लाँड्रीवाल्या काकूंचा मुलगा. पहिलीत असताना त्याने स्वतःचा जेवणाचा डबा बडवून बडवून चपटा केला, तेव्हापासून त्याला हेच नाव पडलं. आमच्याकडे ड्रम नाहीत, म्हणून तो लाँड्रीतली दोन घमेली आणि एक पिंप वाजवतो. काडीच्या गिटारला सहापैकी चार तारा आहेत.

काडीच्या चुलतभावाने तिला एक कॅसेट दिली. त्यात चार माणसं अर्धा तास नुसती ओरडत असतात. मला आधी वाटलं, कुणाला तरी विंचू चावलाय. काडी म्हणाली, "याला पंक म्हणतात. यात गाता यावं लागत नाही, राग यावा लागतो." गाता तर मला येतच नाही, म्हणजे अर्धं काम झालं.

उरलेल्या अर्ध्याची पंचाईत आहे. काल आम्ही तिघं लाँड्रीच्या मागच्या खोलीत राग यायची वाट बघत बसलो. शाळेचा राग यावा, तर नवे मुख्याध्यापक इतके मवाळ आहेत की घंटा वाजवायलासुद्धा संकोचतात. घरच्यांचा यावा, तर डब्याची आई मध्येच येऊन बिस्किटं ठेवून गेली आणि म्हणाली, "जरा जोरात वाजवा रे, मशीनच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही." अशा वातावरणात पंक व्हायचं कसं?

बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं मी काडीबरोबर गणित करते. म्हणून त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहू नकोस, लाँड्रीच्या पत्त्यावर लिही. तुझ्या बेटावर बोट तीन-तीन आठवडे येत नाही हे माहीत आहे, पण दोन गोष्टी नक्की कळव. बँडला नाव काय ठेवू? आणि तिथे समुद्रात बसून ढग मोजताना तुला कशाचा राग येतो का?

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल
हवामान केंद्रातून

प्रिय भिंगरे,

मी मात्र आशीर्वाद लिहिणार. तू बँड काढ नाहीतर बँक काढ.

पंक म्हणजे चिखल, एवढं संस्कृत मला अजून आठवतं. पण चिखलाचा बँड ही काय भानगड आहे ते काही डोक्यात शिरेना. तुम्ही चिखलात उभं राहून वाजवता का? तसं असेल तर तिघांनी गमबूट घाला आणि विजेच्या वायरी उंचावर टांगा. बँडवाल्यांच्या लाल कोटाला सोनेरी झालर असते, तिला चिखल लागला तर तो निघत नाही. लाँड्रीवाल्या काकूंना आधीच विचारून ठेवलेलं बरं.

आता रागाचं. मी ओरडणाऱ्यातली नाही, मी नोंद करणाऱ्यातली आहे. पण तू विचारलंस म्हणून सांगते. इथे आम्ही दोघंच असतो, मी आणि आमचे थोरले निरीक्षक. त्यांना मी साहेब म्हणते. हे साहेब रोज सकाळी आंघोळ करतात आणि ओला टॉवेल माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकतात. माझ्या! त्यांना स्वतःची खुर्ची आहे. तिलाही पाठ आहे. मी सहा वर्षं ओल्या पाठीने तक्ते भरते आहे.

दुसरं. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते आम्ही दिवसातून आठ वेळा लिहितो. मी बाहेर जाऊन, मान मोडेस्तोवर बघून येते आणि सांगते, "पाच." साहेब खिडकीतून एक डोळा बाहेर काढतात आणि म्हणतात, "तेवढेच ना?" सात सांगा, तीन सांगा, तेवढेच ना. जसे काही दोन ढग मी खिशात घालून आणलेत.

हे लिहून बरं वाटलं. दादाला काही सांगत नाही. पण गणितही थोडं करत जा.

तुझी आत्या


२० एप्रिल

प्रिय आत्या,

पंक हा इंग्रजी शब्द आहे गं. त्याचा चिखलाशी काही संबंध नाही. पण तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं तेव्हा काडी हसता हसता इस्त्रीच्या टेबलावरून खाली पडली आणि खालूनच म्हणाली, "नाव मिळालं." तर आमच्या बँडचं नाव आहे चिखल. डब्याने पिंपावर रंगवलंसुद्धा. 'ख' जरा मोठा झाला, त्यामुळे 'ल' मागच्या बाजूला गेलाय.

आणि गाणंही मिळालं. रागावू नकोस, तुझंच आहे.

ओला टॉवेल माझ्या खुर्चीवर!
तुम्हाला खुर्ची आहे की,
तिलाही पाठ आहे की,
आहे की, आहे की, आहे की!

शेवटचं 'आहे की' आवाज बसेपर्यंत म्हणायचं. परवा रविवारी लाँड्रीतच पहिला कार्यक्रम झाला. म्हणजे कार्यक्रम असा ठरला नव्हता. कपडे न्यायला आलेली अकरा माणसं रांगेत उभी होती, त्यांना पळून जाता येत नव्हतं. पहिल्या कडव्याला सगळे गप्प. मग रांगेतल्या ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हण." आम्ही सात वेळा म्हटलं. तिसऱ्या वेळेपासून सगळ्या काकू 'आहे की' म्हणायला लागल्या. एक काकू तर इतक्या जोरात म्हणत होत्या की त्यांचे यजमान कपडे तिथेच टाकून निघून गेले.

आत्या, लोकांना आपलं ओरडणं आवडतं ही किती मजेची गोष्ट आहे. आणखी तक्रारी पाठव.

तुझी,
भिंगरी (चिखल)


१४ मे

प्रिय भिंगरे,

मी सहा वर्षांत एवढी हसले नव्हते. साहेबांनी आतून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "भाचीचा अभ्यास चांगला चाललाय." खोटं बोलताना माझे कान लाल होतात, ते बहुधा त्यांनी पाहिलं.

माझं नाव मात्र कुठे घेऊ नकोस. शासकीय नोकरी आहे.

'तेवढेच ना' वापरायला हरकत नाही. शिवाय हे घे. साहेब पेन्सिल बोटात मावेनाशी होईपर्यंत वापरतात, मग तो तुकडा माझ्या डबीत टाकतात आणि माझी नवी पेन्सिल उचलतात. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरं मग' म्हणतात आणि मग पुढे काहीच नसतं. मी सहा वर्षं पुढच्या वाक्याची वाट बघते आहे.

बोट निघतेय. काडीला आणि डब्याला आशीर्वाद.

तुझी आत्या


३ जून

प्रिय आत्या,

'बरं मग' हे आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालंय. त्यात दोनच शब्द आहेत. मी 'बरं मग' म्हणते, काडी आणि डबा एकदम थांबतात, आणि सगळे पुढच्या वाक्याची वाट बघतात. ते येतच नाही. परवा लोक सव्वा मिनिट थांबले होते, डब्याने मोजलं.

ग्रंथपालबाईंचं एक विणकाम मंडळ आहे. त्या बावीस जणी आता प्रत्येक कार्यक्रमाला येतात, लोकर घेऊन. गाण्याच्या ठेक्यावर सुया वाजवतात. डबा म्हणतो त्याच्यापेक्षा त्या ठेका चांगला धरतात. गेल्या रविवारी त्यांनी काडीच्या अ‍ॅम्प्लिफायरला लोकरीचं झबलं विणून आणलं. पिवळं, बाजूला दोन बदकं.

मला ते आवडलं. काडीला नाही आवडलं. तिने केस एका बाजूने कापलेत, कोटाला सेफ्टी पिना लावल्यात, आणि एक काकू जवळ येऊन म्हणाल्या, "अगंबाई, उसवलाय का? दे, टाका घालून देते." काडी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्याला बघून कुणीतरी घाबरायला हवं होतं. एकानेसुद्धा." डबा म्हणाला, "मी घाबरतो तुला." पण ते तिला पुरलं नाही. आता ती वाजवताना लोकांकडे पाठ करून उभी राहते.

बाबांची तर कमाल. दुकानात एक काकू डोळे तपासून घेताना तक्त्यावरची अक्षरं 'ओला टॉवेल'च्या चालीवर वाचत होत्या. बाबांनी घरी येऊन विचारलं, "हे गाणं कुणाचं गं? फार समंजस गाणं आहे." मी म्हटलं, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा टॉवेल दोरीवर असतो.

नवीन तक्रारी लवकर पाठव. साठा संपत आलाय.

तुझी,
भिंगरी


२७ जून

प्रिय भिंगरे,

तक्रारी म्हणशील तर आहेत ना, पुष्कळ आहेत. साहेबांनी माझ्या सगळ्या पेन्सिलींना टोक करून ठेवलं. फार अणकुचीदार केलंय, कागदाला भोक पडतं. संध्याकाळी ते माझ्यासाठीपण कॉफी करतात, ती फार गरम असते. मी ढग बघायला जाते तर हल्ली तेही बाहेर येऊन शेजारी उभे राहतात, त्यामुळे उत्तरेकडचं थोडं आकाश झाकलं जातं.

यातून काही होतंय का बघ.

तुझी आत्या


१२ जुलै

प्रिय आत्या,

तुझी तब्येत बरी आहे ना? खरं सांग. तुझ्या तक्रारी एकदम रोडावल्यात. कॉफी गरम आहे ही काय तक्रार झाली? आम्ही गाणं करून बघितलं. मी 'फार गरम, फार गरम' असं ओरडले तर काकू म्हणाल्या, "बशीत ओत." काडी म्हणाली, "यावर पंक होत नाही, यावर जाहिरात होते." तुला ताप असेल, किंवा साहेब तुला धाक घालून लिहायला लावत असतील, तर पुढच्या पत्रात कोपऱ्यात एक फुली कर.

इकडे दोन ऑगस्टला वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचा मोठा कार्यक्रम आहे, विणकाम मंडळाच्या वार्षिक सभेत. खुर्च्या दोनशे. नवीन गाणी एकही नाही. तेव्हा काडीने एक युक्ती काढली. आपण एकमेकांवर गाणी करू या. प्रत्येकाने दुसऱ्याच्या खोडीवर एक गाणं लिहायचं आणि ते थेट स्टेजवरच म्हणायचं, आधी दाखवायचं नाही. नुसती गंमत. मी काडीवर लिहितेय, काडी माझ्यावर. डबा म्हणाला, "मी नाही लिहिणार, मी डोळे मिटून वाजवीन."

काडी हल्ली जराशी विचित्र वागते. काहीही विचारलं की "तुला काय करायचंय" म्हणते. पण गाणं ऐकून हसेल. मी खूप विनोदी लिहिलंय.

तुझी,
भिंगरी


२२ ऑगस्ट

प्रिय भिंगरे,

उशीर झाला, माफ कर. वादळामुळे बोट आलीच नाही. वारा ताशी नव्वद किलोमीटर होता. नोंद घेतली. बाकी विशेष काही नाही. फुली केलेली नाही, पाहून घे.

तुझं खरं होतं, मागच्या तक्रारी फारच मिळमिळीत होत्या. आता या घे. साहेब माझ्या चपला लपवतात. मी सकाळी उठून अनवाणी शोधत फिरते. आणि शीळ घालतात. दिवसभर, एकच चाल, कानाला भोक पडेपर्यंत. माझ्या वाटची सगळी बिस्किटंही ते खातात आणि डबा रिकामा आहे हे मलाच सांगतात. असा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

यावर तीन गाणी सहज व्हावीत. हॉलमधला कार्यक्रम कसा झाला? सविस्तर लिही.

तुझी आत्या


५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

हॉलमधला कार्यक्रम फार छान झाला. लोक उभे राहिले होते.

तुझ्या चपलांचं गाणं आम्ही लगेच बसवलं आणि म्हटलं. सगळ्यांना आवडलं. शिळेचंही बसवतोय. काडी मजेत आहे. डबा मजेत आहे. मीही मजेत आहे. गणित चांगलं चाललंय.

तू तक्रारी पाठवत राहा, थांबू नकोस.

भिंगरी


९ सप्टेंबर

भिंगरीच्या आत्यास,

मी काडी. तुमचा पत्ता डब्याकडून घेतला. भिंगरीला हे माहीत नाही आणि तिला सांगू नका.

बँड दोन ऑगस्टला मोडला. त्यानंतर एकही कार्यक्रम झालेला नाही. चपलांचं गाणं कुणी कुठे म्हटलेलं नाही. ती तुम्हाला काय लिहिते मला ठाऊक नाही, पण डबा म्हणाला की ती खूप विचार करून, पेन चावत लिहिते, म्हणजे थापा मारत असणार.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. हॉल भरला होता. आधी भिंगरीने माझ्यावरचं गाणं म्हटलं. 'गिटार लाव, काडी, गिटार लाव, चार तारा आणि चौघींची भांडणं.' दोनशे माणसं हसली. गाणं चांगलं होतं, म्हणूनच जास्त लागलं. मग मी तिच्यावरचं म्हटलं. 'छान झालं ना, बरं झालं ना, कुणाला राग नाही ना आला ना.' ती प्रत्येक गाण्यानंतर आम्हाला हेच विचारते. त्यालाही लोक हसले. भिंगरी हसली नाही. ती माइकमध्ये म्हणाली, "निदान मी लोकांकडे पाठ करून उभी राहत नाही."

मी म्हटलं, "मला स्वेटर विणणाऱ्यांसमोर वाजवायचं नाहीये."

ती म्हणाली, "मग कशाला आलीस?"

मी अ‍ॅम्प्लिफायरचं ते बदकांचं झबलं ओढून काढलं आणि फेकलं. ते ग्रंथपालबाईंच्या डोक्यावर जाऊन बरोबर टोपीसारखं बसलं. त्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे, त्या उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. म्हणून सगळेच उभे राहिले. भिंगरीने माझ्या गिटारची वायर उपटली. मी तिचा माइक घेतला. आम्ही एकमेकींना काय काय बोललो ते मी लिहीत नाही. सगळं ठेक्यात बोललो, कारण डबा डोळे मिटून वाजवत होता. त्याने डोळे उघडले तेव्हा भिंगरी डाव्या दाराने गेली होती आणि मी उजव्या. तो एकटाच वाकून नमस्कार करून आला. मंडळाने त्याला स्वेटर दिला.

खरं सांगायचं तर आम्ही पंक त्या दिवशी एकदाच वाजवलं.

माझी आई नर्स आहे. तिची बदली झालीये. अकरा ऑक्टोबरला आम्ही जाणार. मला मे महिन्यापासून माहीत होतं. मी दोघांना सांगितलं नाही. वाटलं, भांडण झालं की जाणं सोपं पडेल. पडलं नाही.

तुमचं चपलांचं पत्र आलं, ते भिंगरीने लाँड्रीच्या पायरीवर बसून उघडलं. तिथेच पुटपुटत चाल लावायला लागली. दुसऱ्या ओळीला तिने मान वळवून बाजूला बघितलं, मी जिथे उभी असते तिथे. मी समोरच्या फुटपाथवर होते. गेले नाही.

म्हणून विनंती की तक्रारी पाठवणं बंद करा.

काडी


२५ सप्टेंबर

प्रिय भिंगरे,

काडीने मला पत्र लिहिलं, आणि तुला सांगू नका असं बजावलं. मी सांगते आहे. दोन ऑगस्टचं सगळं मला कळलंय, तेव्हा 'मजेत आहे' हे यापुढे लिहू नकोस. महत्त्वाचं म्हणजे तिच्या आईची बदली झाली आहे आणि अकरा ऑक्टोबरला ती गाव सोडून जातेय. तिला हे मे महिन्यातच समजलं होतं. ती का चिडत होती, पाठ का करत होती, याचा तूच विचार कर. मी काही बोलत नाही.

तुला रागावायचा मला अधिकार नाही, कारण मीही तुला थापा मारत होते. साहेब माझ्या चपला लपवत नाहीत. शेगडीजवळ ठेवतात, सकाळी गरम मिळाव्यात म्हणून. शीळ मीच घालायला सांगते. बिस्किटं मी खाल्ली.

वादळाच्या दिवशी वाऱ्याचा आकडा घ्यायला आम्ही दोघं कमरेला एक दोरी बांधून बाहेर पडलो. दोरीचं दुसरं टोक खांबाला होतं, ते सुटलं. मी उताराने घसरत निघाले, खाली समुद्र. साहेब आडवे पडले आणि दोन्ही हातांनी दोरी धरून राहिले. मला आत ओढून घेतल्यावर त्यांच्या तळव्यांची सालं निघालेली, धाप लागलेली, आणि विचारतात काय, "नव्वदच ना?" मला हसू आवरेना, मग रडू आवरेना. त्यावर ते म्हणाले, "बरं मग." आणि सहा वर्षांत पहिल्यांदा पुढचं वाक्य बोलले. आम्ही डिसेंबरात लग्न करतोय.

हे तुला आधीच लिहायचं होतं. पण तुझ्या बँडला तक्रारी लागत होत्या, आणि माझ्याकडे एकही उरली नव्हती. म्हणून मी रात्रंदिवस डोकं खाजवून तक्रारी तयार करत होते, आणि तू तिकडे नसलेल्या बँडसाठी त्या मागत होतीस. आपल्या घरात वेडेपणा कुणाकडून आला याची चौकशी दादाकडे करायला हवी.

नेहमीची बोट सतरा ऑक्टोबरला आहे. तोवर काडी गेलेली असेल. मी साहेबांना सगळं सांगितलं, गाण्यांसकट. टॉवेलचं गाणं ऐकून झाल्यावर ते उठले आणि त्यांनी संकटाचं निशाण चढवलं. ते चढवलं की लेखी कारण द्यावं लागतं. त्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, 'भाची'. आता एखादी मासेमारीची होडी येईल ती हे पत्र नेईल. पत्राला वास येत असेल तर सांभाळून घे.

धावत जा.

तुझी आत्या


१२ ऑक्टोबर

प्रिय आत्या आणि साहेब,

होडीवाला आधी तीन बंदरं फिरला. पत्र काल सकाळी साडेनऊला आलं, अकरा तारखेलाच. मी लाँड्रीतून जी निघाले ती काडीच्या घरी. डबा मागे ओरडत होता, "चप्पल!" म्हणून. मी अनवाणीच होते.

खाली टेम्पो उभा होता. मी जिन्याने वर धावले तर दुसऱ्या वळणावर कपाट. लोखंडी, दोन दारांचं, आरशाचं. दोन हमाल ते खाली आणत होते आणि ते वळणावर आडवं अडकलं होतं. ना वर जाईना, ना खाली येईना. थोरले हमाल माझ्या बाजूला, दुसरे वरच्या बाजूला. कपाटाच्या वर फक्त एक फट होती, त्यातून काडीच्या कापलेल्या केसांचा शेंडा दिसला.

मी म्हटलं, "काडी."

शेंडा थांबला. "कोण?"

"कोण म्हणजे काय?"

"आत्याने सांगितलं ना," काडी म्हणाली. "सांगू नका म्हटलं होतं."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच विचारलं असतंस, तुला वाईट नाही ना वाटत. मग मी रडले असते. पिना लावलेल्या कोटात रडणं बरं दिसत नाही."

थोरले हमाल म्हणाले, "पोरी, खांदा चाललाय माझा, लवकर आटप."

मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं." मग कपाटाला म्हटलं, "गाण्याबद्दल सॉरी. चौघींची भांडणं असं म्हणायला नको होतं."

"ती ओळ चांगली आहे," काडी म्हणाली. "झबल्याबद्दल मी सॉरी. बदकं चांगली होती."

आत्या, हॉलमध्ये दोनशे माणसांपुढे मला एवढं बोलता आलं होतं आणि इथे मी नुसता कपाटाचा रंग नखाने खरवडत होते. मी म्हटलं, "काडी, तू जातेयस याचा मला राग आलाय."

"किती?"

"खूप."

"मग नुसती उभी काय राहिलीस?" काडी म्हणाली, आणि तिने वरून कपाटाच्या पत्र्यावर एक दणका दिला. मग दुसरा. आत कुठेतरी हँगर खुळखुळले. मी तोंड उघडलं आणि ओरडले. 'नको जाऊ' एवढंच, तेच तेच. चाल नव्हती. काडी वरून 'जायलाच लागेल' म्हणून ओरडत होती. डबा माझ्या चपला हातात घेऊन पोचला, त्याने काही विचारलं नाही, त्या चपलांनीच खालचा पत्रा बडवायला लागला. जिन्यातली सगळी दारं उघडली. काडीची आई चहाचे कप गुंडाळता गुंडाळता बाहेर आली आणि एका हातात कप, एका हातात वर्तमानपत्र, तशीच उभी राहिली. हमाल कधी कपाट पायरीवर ठेवून त्याला पाठ टेकून बसले ते मला कळलंच नाही.

आवाज बसल्यावर आम्ही थांबलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खालच्या मजल्यावरचे एक आजोबा घाईघाईने दार लावून आत गेले आणि कडी घातल्याचा आवाज आला.

"घाबरला," काडी वरून म्हणाली. तिचा आवाज फार खूश होता.

मग थोरले हमाल उठले, हात झटकले, कपाटाला हात घातला आणि परत खाली बसले.

"आणखी एकदा म्हणा," ते म्हणाले. "माझी धाप अजून उतरली नाही."

आम्ही म्हटलं.

तुमची,
भिंगरी